घरून आणलेला दोर

बोलतोय तो मी दोर आहे. खरं सांगायचं तर अर्धा दोर. माझं एक टोक नीट गाठ मारलेलं आहे आणि दुसरं तुटून पिंजारलेलं. राहिलेला अर्धा भाग भुजंग मुकादमाने चुलीत घातला. ते पुढे येईलच.

सगळे म्हणतात, "दोर तुटला." मुकादम तेच म्हणतो, गुत्तेदार तेच म्हणतो, जिनाचा मालक तर मला न बघताच म्हणतो. दोर का तुटला, हे मात्र एकानेही विचारलं नाही. म्हणून आज मीच सांगणार आहे. ऐकताना कुणाला राग आला तर येऊ द्या. मला तो आधीच आलेला आहे.

माझा जन्म सेलूजवळच्या एका खेड्यात, मेंढरं राखणाऱ्या घरात झाला. अंबाडी ओढ्यात कुजत घातली, तिच्या सालीचा वाख, म्हणजे धागा, सोलला, धुतला, कुडावर वाळवला. मग थोरला भाऊ येडबा अंगणात बसून मला वळू लागला आणि धाकटा मल्हारी दुसरं टोक धरून पीळ देऊ लागला. मल्हारीचं लक्ष कधी एका जागी नसायचं. पीळ ढिला पडायचा.

"मल्ह्या, नीट धर. झोपायलास का?"

"धरलंय की दादा."

"धरलंय म्हंतो! ह्या दोरावून एक जरी मेंढरू सुटलं ना, तर तुलाच खुट्याला बांधीन."

"बांध. मंग तुझ्या मेंढरामागं कोन पळंल?"

येडबा हसला की त्याचा हात थांबायचा, आणि हात थांबला की माझा पीळ उलटा फिरायचा. त्या दोघांच्या भांडणातून मी तयार झालो, तेव्हा मीही त्यांचा भाऊच. तिघांत धाकटा. येडबाला मीही दादाच म्हणतो.

माझं काम साधं होतं. मेंढ्या शेतात बसवल्या की भोवती वाघूर लावतात, म्हणजे दोऱ्यांची मोठी जाळी. ती जाळी खुंटांना ताणून धरायची. आतून एखादा एडका धडक मारायचा, बाहेरून लांडगा हुंगून जायचा. मी ढळलो नाही. एडक्याच्या धडकेला मी पुरून उरत होतो. विटांचा ढीग पेलायला मात्र मला कुणी वळलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

मग मेंढरांत रोग आला. वाडगं निम्म्याहून रिकामं झालं. दादा आणि मल्हारी कामाला सेलूला जाऊ लागले. निजामाचं राज्य होतं, दूर विलायतेकडे मोठी लढाई चालू होती, कापसाला भाव होता, आणि कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या मालकाने कापूस ठेवायला मोठं गोदाम बांधायला काढलं होतं. बांधकामाचा गुत्ता, म्हणजे कंत्राट, व्यंकटरावांनी घेतला होता. माणसं लावायचं काम भुजंग मुकादमाचं.

पहिल्याच दिवशी मुकादमाने सांगितलं, "पाटी आपली, दोर आपला. घरून आनायचं. इथं काय बी मिळनार न्हाई."

तिकडे अशीच रीत होती. भिंत मालकाची, फायदा गुत्तेदाराचा आणि दोर मजुराचा. ही रीत कुणी पाडली, माहीत नाही. सगळे ती पाळायचे, कारण सगळेच ती पाळत होते.

दादाने मला वाघुरीतून सोडवलं तेव्हा त्याची आई कासाबाई दारात उभी होती.

"वाघुरीचा दोर नेतूस? मेंढरं कशात कोंडू मी?"

"मेंढरं राहिलेत कुठं आये? दोन कोकरं हायेत. तुझ्या पदराला बांध."

असा गेलो मी बांधकामावर. तिथे उभ्या बल्ल्यांना आडव्या बल्ल्या बांधून परांची करतात, वर फळ्या टाकतात आणि फळ्यांवर गवंडी उभा राहतो. त्याला विटा, चुना पुरवायला दादा वर असायचा. मल्हारी खाली चुना कालवायचा. मी वरच्या बल्लीला, अगदी गाठीच्या जागी होतो.

पाऊस आला, मी भिजलो. ऊन पडलं, मी वाळलो. पुन्हा भिजलो. अंबाडीला हे सोसत नाही, हे तिकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. माझ्या आतला वाख कुजायला लागला. दादाने एकदा नख लावून पाहिलं तर पिठासारखा भुगा निघाला. तो तसाच खाली उतरला.

"मुकादम, ह्या दोरात जीव न्हाई राहिला. दुसरा द्या."

"दोर कुनाचा हाय?"

"माझा."

"मंग मला कामून मागायलास? घरून आन."

"घरी आता दोर न्हाई."

"मंग उद्या तू बी येऊ नको. येनारे लय हायेत."

आता ऐका. त्याच जागेवर गुत्तेदाराची एक कुलपाची खोली होती. तिच्या खिडकीतून मला आत दिसायचं. आत नव्या कोऱ्या दोरांची जाडजूड वेटोळी रचलेली होती. ती जिनाचं यंत्र गाडीतून उतरवायला आणलेली होती. यंत्र पडलं असतं तर मालकाने जाब विचारला असता. दादा पडला तर कोण विचारणार होतं?

दादा पुन्हा वर चढला. विटांची पाटी फळीवर ठेवली, दुसरी घ्यायला वळला, आणि मी तुटलो. दोराला तुटताना ओरडता येत नाही. कट्ट असा आवाज होतो, तेवढाच. बल्ली सुटली, फळी उलटली, दादा खाली आणि त्याच्या पायावर विटा.

मल्हारीने हाताने विटा उपसल्या. दादाला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पायाला पट्टी बांधून घेतली, आणि मल्हारी गवंड्याजवळ दादाला ठेवून धावत परत आला. तेव्हा मुकादम चुलीशी उकिडवा बसला होता. माझा अर्धा भाग चुलीत जळत होता आणि उरलेला मी त्याच्या मांडीशी पडलो होतो, पाळीची वाट बघत. वर चहा उकळत होता.

पुढे कचेरीत वकिलाने सांगितलं की मल्हारीने पुरावा जपून ठेवला. खोटं आहे ते. मल्हारीच्या डोक्यात पुरावा वगैरे काही नव्हतं. त्याने मला उचललं ते मुकादमाला झोडपायला. दोन तडाखे बसले, तिसऱ्याला लोकांनी त्याला धरलं. मी त्याच्या मुठीतच राहिलो. घरी येईपर्यंत त्याने मूठ सोडली नाही.

थोड्या दिवसांनी व्यंकटराव गुत्तेदार स्वतः गावात आले. सोबत मुन्शी आणि ज्वारीचं पोतं. दादा खाटेवर होता. पाय सुजून खांबासारखा झाला होता, पण त्याची जीभ शाबूत होती.

"या मालक. उठून रामराम केला असता, पन पाय म्हंतो न्हाई."

"पडून राहा, येडबा," व्यंकटराव म्हणाले. "दोर तुझा होता, तुटला तर त्यात माझा काही दोष नाही. तरी मनाला लागलं म्हणून आलो. ही ज्वारी खैरात समज. आणि मुन्शीजींनी एक राजीनामा लिहून आणलाय, त्याच्यावर अंगठा लाव."

मुन्शीने उर्दूतला कागद भरभर वाचून दाखवला. घरात कुणाला काही कळलं नाही. कळला तो एकच शब्द, राजीनामा. आदल्याच साली गावच्या शाळेचा मास्तर राजीनामा देऊन आपल्या गावाकडे निघून गेला होता. तेव्हापासून तो शब्द गावात सगळ्यांच्या तोंडी बसला होता. मल्हारी त्याच मास्तराकडे दोन पुस्तकं शिकलेला. तो पटकन म्हणाला, "दादा, मास्तरनी दिला तसलाच हाय. काम सोडल्याचं लिहून घ्यायलेत."

दादा हसायला लागला. "मंग द्या की हिकडं! हा पाय घेऊन मी कुठं परांचीवर चढायलोय? आये, बग, तुझं लेकरू मास्तर झालं. राजीनामा द्यायलंय!"

कोपऱ्यातून त्याची बायको भागुबाई बोलली. "रोज सांजच्याला म्हनायचे, उद्या येऊ नको. कायमची चाकरी कंदी दिलीच न्हाई, मंग राजीनामा कशाचा घेतेत?"

"गप बस भागू," कासाबाई म्हणाली. "घरात ज्वारी आलीय."

मी खुंटीवर होतो. मला हात असते तर तो कागद मी तिथेच आवळला असता. पण दादाने हसत हसत अंगठा लावला. मुन्शीने त्यावर फुंकर मारली आणि घडी घालून खिशात टाकला.

त्यानंतर पायाला वास यायला लागला. ताप चढला. दादा बरळू लागला, मेंढरांना हाका मारू लागला. आणि एका पहाटे हाका थांबल्या.

तिरडी बांधायला दोर लागतो. गावातल्या एकाने खुंटीवरून मला काढायला हात घातला. मल्हारी असा अंगावर धावून गेला की तो माणूस मागे सरून भिंतीला आदळला. "त्याला हात लावायचा न्हाई!" तो ओरडला. कुणालाच काही कळेना. शेजारून दुसरा दोर आणला. दादाच्या शेवटच्या कामाला मी लागायला हवा होतो की नको होतो, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दहावं-तेरावं झाल्यावर भागुबाई आणि मल्हारी सेलूला गेले. मी मल्हारीच्या कमरेला गुंडाळलेला. त्याने मला तेव्हापासून तसंच घालायला सुरुवात केली होती, करगोट्यासारखं.

मालक म्हणाला, "माणूस गुत्तेदाराचा होता. त्यांना विचारा."

गुत्तेदार म्हणाला, "माणसं मुकादम लावतो. मी कुणाला ओळखतही नाही."

याच माणसाने दादाला नावाने हाक मारली होती. ज्वारीचं पोतं दारात टाकताना.

मुकादम म्हणाला, "मी काय त्याला ढकललं का? दोर तुटला. जा, दोराला इचार."

मला विचार म्हणाला! मी समोरच होतो, हातभर अंतरावर. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

शेवटी जिनातल्या एका हमालाने परभणीच्या दिनकररावांचं नाव सांगितलं. हे तरुण वकील गरिबाचं काम घेतात म्हणे. भागुबाई आणि मल्हारी रेल्वेने परभणीला गेले. दिनकररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठे कागदावर अंगठा दिला होता का?"

"राजीनाम्यावर," मल्हारी म्हणाला. "कामाचा राजीनामा."

दिनकररावांनी टाक खाली ठेवला.

"कामाचा नव्हे रे. काम सोडण्याला इथल्या उर्दू कचेऱ्यांत इस्तिफा म्हणतात. राजीनामा म्हणजे राजी झाल्याचं लिहून देणं. मिळालं तेवढ्यात मी राजी आहे, यापुढे माझं काही मागणं नाही, असं."

"राजी?" भागुबाई म्हणाली. "आमी कुठं राजी झालतो?"

मल्हारी ताडकन उठला. "त्या मास्तराचं टाळकं फोडतो!"

"मास्तरानं काय केलं?" भागुबाईने त्याचा सदरा धरून खाली बसवला. "तो बिचारा खराच काम सोडून गेला."

"मंग एकाच शब्दाला दोन अर्थ कशाला ठेवतेत?" मल्हारी म्हणाला. "गरिबाला एकच ठेवायचा ना."

दिनकररावांनी दोघांपुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग त्यांनी समजावून सांगितलं, "ऐका. आता हैदराबाद संस्थानात यासाठी कायदा झालाय. कामावर असताना कामापायी माणूस जखमी झाला किंवा गेला, तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना मुआवजा, म्हणजे भरपाई, द्यावी लागते. ती खैरात नव्हे, तो हक्क आहे. दोर कुणाचा होता हे त्यात पाहत नाहीत. गुत्तेदार मधे आहे म्हणून मालकालाही अंग काढून घेता येत नाही, भिंत त्याची होती. आणि हा हक्क कुणाच्या घरात जाऊन, ज्वारीचं पोतं टाकून, अंगठ्याने सोडवून घेता येत नाही. समझोता करायचाच तर तो मुआवजा ठरवणाऱ्या साहेबापुढे, त्यांच्या कचेरीत नोंदवावा लागतो."

"म्हंजी तो अंगठा पुसता येतो?" भागुबाईने विचारलं.

"पुसायचा प्रयत्न करू. पण खेटे घालावे लागतील, बाई. कंटाळायचं नाही."

"मी मेंढरामागं चालनारी हाय वकीलसाहेब. खेट्याचं काय सांगता?"

खेटे मात्र असे निघाले की मेंढरंसुद्धा कंटाळली असती. आज साहेब दौऱ्यावर. आज साहेब आहेत पण कागद नाही. कागद सापडला तर गुत्तेदाराचा वकील आजारी. एकदा सगळे हजर होते तर कसलीशी सुट्टी निघाली. शिपाई दर वेळी त्याच आवाजात पुढची तारीख द्यायचा, "अगली पेशी पे आव." मल्हारी चिडून मला कमरेला आणखी घट्ट आवळायचा. माझी सगळी हाडं त्या कचेरीच्या ओट्यावर झिजली.

अखेर सुनावणीची पेशी झाली. दिनकररावांनी मला पुरावा म्हणून मल्हारीच्या कमरेवरून सोडवून शिपायाकडे दिलं होतं. शिपायाने मला काठीच्या टोकावर धरून साप आणावा तसा आणला आणि टेबलावर टाकला. गुत्तेदाराचा वकील उभा राहिला. "हुजूर, हाच तो दोर. मयताच्या घरचा. मयताने स्वतःच्या हाताने वळलेला. शिवाय राजीनामाही झालेला आहे."

"खोलीत नवे दोर होते साहेब!" मागून मल्हारी ओरडला. "यंत्राला नवे आन मानसाला कुजके!"

"चूप बैठो!" शिपाई गरजला. पण साहेबांनी मान वर केली. त्यांनी गुत्तेदाराला विचारलं, "नवे दोर होते?"

व्यंकटराव म्हणाले, "होते, साहेब. पण ते यंत्रासाठी होते."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांना कळलं. त्यांचा वकील टेबलाकडे बघत राहिला. टेबलावर मीच होतो.

मग साहेबांनी भागुबाईला पुढे बोलावलं आणि पेशकाराकरवी, म्हणजे कचेरीच्या कारकुनाकरवी, विचारलं, "तुम्ही राजी होता की नव्हता?"

भागुबाईने पदर सारखा केला. "साहेब, आमाला वाटलं काम सुटल्याचं लिहून घ्यायलेत. नवऱ्यानं हसत हसत अंगठा लावला. त्यो म्हनला, मी मास्तर झालो. आपला पाय गेला, जीव जायलाय, आन त्याच्यावर मी राजी हाय, असा अंगठा कुनी हसत लावतंय का? तुमीच सांगा."

पेशकाराने तिचं सगळं बोलणं उर्दूत सांगितलं, अगदी हसत हसत म्हटलेलं ते 'मास्तर' सुद्धा. त्यानंतर कचेरीत नुसता छताला टांगलेल्या, ओढायच्या पंख्याच्या दोरीचा आवाज येत राहिला. तीही दोरीच. ती रोज तिथे असते, सगळं ऐकते आणि गप्प हलत राहते. तिला कसं जमतं, कोण जाणे.

पुढच्या पेशीला हुकूम झाला. नोंद न झालेला राजीनामा मानता येत नाही. मालकाने आणि गुत्तेदाराने मिळून मुआवजा कचेरीत जमा करावा. ते जमा व्हायलाही पुन्हा खेटे पडलेच. घेताना पेशकाराने भागुबाईपुढे पावतीचा कागद आणि शाई सरकवली.

तिने हात मागे घेतला. "अगूदर वाचून दाखवा. मराठीत."

त्याने वाचलं.

"परत वाचा."

त्याने कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचलं.

"ह्यात राजी हा शब्द कुठं हाय का?"

"नाही बाई."

"मंग लावते," ती म्हणाली आणि अंगठा लावला. मला वाटलं ती आता तरी रडेल. तिने अंगठा भिंतीला पुसला, लांबलचक काळा फराटा ओढून, आणि बाहेर पडली. शिपाई मागून म्हणाला, "ये रस्सी भी ले जाव." म्हणून मी घरी आलो.

भागुबाईने थोड्या मेंढ्या घेतल्या. वाघूर पुन्हा लागली. तिला नवा दोर हवा म्हणून मल्हारी अंगणात वळत बसतो. दुसरं टोक धरायला कुणी नाही, ते त्याने खुंट्याला बांधलंय. पीळ आता ढिला पडत नाही. खुंटा हलत नाही, हसत नाही, भांडत नाही. ते बघून माझा जीव इतका वैतागतो की खुंटीसकट खाली पडावंसं वाटतं.

आज सकाळी शेजारचा बन्सीधर आला. नुकतं मिसरूड फुटलेला, लग्न ठरलेला.

"मल्हारी, तो नवा दोर दे रे. सेलूला कामाला चाललोय. जिनाची चिमणी बांधायलेत. भुजंग मुकादम म्हनला, पाटी आन दोर घरून आन."

मल्हारी वळायचा थांबला. मला वाटलं आता हा बन्सीधरच्या अंगावर जाणार. तो उठला, आत आला, खुंटीवरून मला ओढलं आणि बाहेर जाऊन बन्सीधरच्या छातीवर फेकलं.

"हा ने."

"हा तुटका? ह्याला काय करू?"

"मुकादमाला दे. म्हनावं, घरी एवढाच हाय. राहिलेला तुमच्या चुलीत गेलाय."

बन्सीधर आधी हसला. मग त्याने मला उलटंपालटं केलं, पिंजारलेल्या टोकावरून बोट फिरवलं आणि त्याचं हसू गेलं.

"येडबादादाचा का हा?"

मल्हारीने मान हलवली. आतून भागुबाई म्हणाली, "बन्सी, त्यांच्या खोलीत नवे दोर असतेत. खिडकीतून बग आन तेच माग. न्हाई दिले तर वर चढू नको. चढायचं न्हाई म्हंजी न्हाई. आन कुनी कागद पुढं केला तर..."

"राजी न्हाई म्हनायचं," बन्सीधर म्हणाला.

त्याने मला खांद्यावर टाकलं. आता मी सेलूच्या वाटेवर आहे. मला नवं काही बांधता येणार नाही, तेवढी ताकद माझ्यात राहिली नाही. भुजंग मुकादम मला ओळखेल की नाही, मला माहीत नाही. ओळखून पुन्हा चुलीतही घालेल. पण बन्सीधर त्याच्यासमोर उभा राहून दुसरा दोर मागेल, आणि त्या वेळी मी मध्ये असेन, दोघांना दिसेल असा.

तुमच्या घरातून कुणी कामाला निघालं असेल तर त्याला भाकरी द्या, पाणी द्या. दोर देऊ नका. सेलू दिसायला लागलं. जातो मी.